बाकावरचा कागद

शशिकलेला कुणाची किळस पटकन येत नसे. अकरा वर्षं सरकारी कचेऱ्यांच्या बाकांवर काढलेल्या बाईला तशी चैन परवडत नाही. पण २०१६ च्या त्या दुपारी पनवेलच्या हॉलमध्ये ताहेर सरांच्या गळ्यातला हार पाहून तिला किळस आली.

ताहेर सर संस्थेचे संस्थापक. सरकारी अर्ज कागदावरून कॉम्प्युटरवर आणायचे, ते साध्या माणसाला जमतील असे करून द्यायचे, हे संस्थेचं काम. शशिकला नेऱ्याची. आली होती टायपिस्ट म्हणून. सरांनी तिला बाकावर बसवलं. नवा अर्ज तयार झाला की रांगेतल्या पाच जणांनी तो स्वतः भरायचा, हिनं नुसतं शेजारी बसून बघायचं. बोट दाखवायचं नाही, हूं की चूं करायचं नाही. हात शिवशिवायचे म्हणून ती ते मांड्यांखाली दाबून बसे. पाचही जणांना जमलं तरच त्यांची नावं एका कागदावर लिहून ती खाली सही करी. तिच्या सहीशिवाय अर्ज सुरू होत नसे. सुरू होण्याच्या दिवशी त्या पाच जणांना नावानं हाक मारून नारळ द्यायचा, हीही सरांचीच रीत. पहिल्या अर्जाचा कागद सरांनी फ्रेम करून खुर्चीमागे टांगला होता, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते तो दाखवत.

आता सर निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी मुंबईहून परेश आला. टापटीप, गोड बोलणारा, आणि रांगेत आयुष्यात कधी उभा न राहिलेला. सरांच्या निरोपाच्या दिवशीच मासळी विकणाऱ्या बायकांच्या ओळखपत्राचा अर्ज सुरू करायचा, अशी त्याची टूम. त्या दिवसापासून कागदी अर्ज बंद. ओळखपत्र नसेल तिला बाजारात पाटी मांडता येणार नव्हती.

शशिकला बाकावर बसली आणि पाचांतल्या तिघी अडकल्या. अर्जाला मोबाइलवर येणारा आकडा लागत होता. गव्हाणची भामा हसून म्हणाली, "फोन माज्याकडं कुठं हाय ताई? तो होडीवर हाय. परवा येल."

घरात फोन एक, आणि तो नवऱ्याबरोबर दर्यावर. आकडा पाच मिनिटांत शिळा. शशिकलेनं सही नाकारली.

"ताई, तुम्ही फार निगेटिव्ह विचार करता," परेश म्हणाला. "नंतर फिक्स करू ना."

ती सरांकडे गेली. सर टेबलाचे खण आवरत होते. "तू काळजी करू नकोस शशिकला," ते म्हणाले, "मी बघतो."

आणि त्यांनी बघितलं ते असं. हॉलमध्ये नावं वाचायला परेशनं तिच्या हातात कागद दिला, तर खाली सरांची सही होती आणि वर सरांच्या अक्षरात पाच नावं. काशीराम, बुधाजी, सखूबाई, हव्वाबी, गुणाबाई. फ्रेममधल्या पहिल्या कागदावरची तीच पाच, त्याच क्रमानं. अकरा वर्षं ज्या फ्रेमखाली बसून हा माणूस जगाला प्रामाणिकपणा शिकवत होता, तिच्यावरूनच त्यानं उतरवून काढली होती. खोटं करायलासुद्धा नवी पाच माणसं शोधायचे कष्ट घेतले नव्हते. देवघरातला पितळी देव भंगारात विकावा तसं ते होतं, आणि शशिकलेला त्या कागदाला हात लावायचीही शिसारी आली.

तरी ती माइकपाशी गेली. टेबलावर पाच नारळ मांडलेले होते, ओळखपत्र देणाऱ्या सरकारी खात्याचे साहेब खुर्चीत होते, समोर टेम्पोनं आणलेल्या गव्हाणच्या बायका. तिनं चार नावं वाचली. कुणी उठलं नाही. मग ती म्हणाली, "गुणाबाई, गव्हाण."

दुसऱ्या रांगेतून भामा उभी राहिली. "सासू माजी ती. तिला जाऊन तीन वर्सं झाली," ती म्हणाली. "सर आलेलं ना मातीला."

सरांनी मान खाली घातली. परेश मात्र कसला हटतोय. भामालाच पुढं बोलावून तिच्या हातात नारळ कोंबला आणि म्हणाला, "सासूबाईंच्या वतीनं तुम्हीच पहिला अर्ज भरा, मावशी." पडद्यावर अर्ज उघडला. नाव झालं, गाव झालं. नंबर विचारला तसा तिनं नवऱ्याचा सांगितला, दुसरा तिला ठाऊकच नव्हता. आकडा दर्यावर गेला आणि पडद्याच्या कोपऱ्यात पाच मिनिटं उलटी मोजली जाऊ लागली.

हॉलमध्ये चुळबुळ झाली. शशिकला आपल्या खुर्चीवर येऊन बसली होती. सर वाकून तिच्या कानाशी आले. त्यांच्या हारातल्या निशिगंधाचा वास तिला सहन होईना.

"तुझा नंबर घाल," ते कुजबुजले. "पुन्हा भरू. माझी इज्जत राख, शशिकला. आजचा एकच दिवस."

फोन तिच्या पर्समध्ये होता. अकरा वर्षांत या माणसानं तिच्याकडे काही मागितलं आणि तिनं दिलं नाही, असं झालं नव्हतं. तिनं दोन्ही हात मांड्यांखाली सरकवले आणि दाबून धरले.

"बोट दाखवायचं नाही, सर," ती म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत."

सर तसेच वाकलेले राहिले. भामा नारळ धरून पडद्याकडे बघत होती. पाच मिनिटं संपली, अर्ज कोरा झाला. मग साहेबांनी मागे वळून आपल्या कारकुनाला विचारलं, कपाटात कागदी अर्ज किती शिल्लक आहेत.