भाव पाडायला गेलेला जवाई

वर्धा जिल्ह्याला समुद्र नाही, हे मला चौथीपासून माहीत आहे. तरीही आज माझ्या नावावर एक बोट आहे. मासे पकडायची साधी डोंगी नव्हे, तर मागे दोर बांधून माणसाला फळीवर उभं करून पाण्यावरून सुसाट ओढत नेणारी मोटारबोट! मला पोहता येत नाही. (बोटीच्या कागदपत्रांत ही माहिती कुणी विचारली नाही, म्हणून मीही सांगितली नाही.)

याला कारण माझा साळा राजू. समुद्रपूर तालुक्यात मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, शेत धरणाच्या पाण्याला अगदी लागून आहे. तिथे राजूनं पर्यटन केंद्र काढलं. दोन खोल्या, निंबाच्या झाडाला झोका, चुलीवरची भाकर आणि वांग्याची भाजी. नागपूरचे लोक यायचे, भाकर खायचे, पाण्यासमोर उभं राहून फोटो काढायचे आणि ऊन उतरायच्या आत गाडी वळवून निघून जायचे. त्यांना संध्याकाळपर्यंत थांबवायचं कसं, या विचारानं राजूची झोप उडाली होती. मग त्यानं मोबाईलवर ती बोट पाहिली आणि मामाजींना नेऊन दाखवली.

मामाजींनी व्हिडिओ शांतपणे पाहिला.

"म्हंजे ढेकळं फोडाले आमी फळीवर पोट्टं उभं करत होतो, तसंच हाये हे."

"हाव बाबा, पन इथं पान्यावर."

"अन् याचे पैसे देते लोकं?"

"हजार-हजार रुपये देते!"

"आमचं पोट्टं तं फुकट उभं राह्यत होतं," मामाजी म्हणाले, आणि त्यांनी बोट घ्यायला होकार दिला.

पैशाची सोय होती. रस्त्यात गेलेल्या दोन एकरांचे पैसे बँकेत पडून होते. त्यातून बोट यायची होती आणि राजूच्या आणखी दोन खोल्याही व्हायच्या होत्या. म्हणजे बोट सोळा लाखांत मिळाली तर! कंपनी बावीस सांगत होती. हे मधले सहा लाख म्हणजे राजूच्या दोन खोल्या, हे घरातल्या सगळ्यांना पाठ होतं. आणि भाव करायला मामाजी असताना काळजी कसली? ज्यांनी चाळीस वर्षं बैलबाजार गाजवला, ज्यांना येताना पाहून व्यापारी बैलाच्या अंगावर झूल टाकायचे, त्यांच्यापुढे कंपनी काय टिकणार!

एका रविवारी मामाजी आमच्या सिंदी मेघेच्या घरी आले. मी त्यांना पाणी दिलं, तर त्यांनी मलाच समोर बसवलं.

"जवाईबापू, बैलबाजारात एकटा मानूस कधीच भाव करत नाई. एक घेनारा लागते, अन् एक नावं ठेवनारा."

"बरं."

"तुमी नावं ठेवनारे."

मी गडबडलो. "पण मामाजी, मला बोटीतलं काहीच कळत नाही!"

"म्हनूनच तं! ज्याले कळते त्याले नावं ठेवता येत नाई, त्याचा जीव बसते त्या जनावरावर. तुमी तिऱ्हाईत गिऱ्हाईक म्हनून येजा, चार खोडी काढजा, बारा लाख बोलजा अन् चालले जाजा. मंग मी सोळा म्हनतो. त्या पोरीले मी देव वाटीन का नाई?"

"पण मीच का?"

"तुमचं तोंड साहेबासारखं हाये."

"तोंडच हाये फक्त," आतून मंदाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, आवाज आला.

तिचंही चुकत नव्हतं. मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. भाजीवाल्यानं मेथीचे वीस सांगितले तर मी वीस देतो, आणि वर "परवडतं ना तुला?" असंही विचारतो. अशा माणसाला सहा लाख कमी करायला पाठवणं म्हणजे मांजराला दुधाची राखण! पण सासऱ्यानं विश्वास टाकला की जवाई फुगतो. मीही फुगलो. आठवडाभर आरशासमोर "बारा लाख, एक रुपया वर नाही!" असं म्हणून पाहिलं. आरसा काही बोलला नाही, त्यामुळे हिंमत वाढली.

या सगळ्या मसलतीत आम्ही एक गोष्ट साफ विसरलो. तो धोंड्याचा महिना होता. तीन वर्षांतून एकदा येणारा, जवायाचे लाड करायचा महिना! पुढच्याच रविवारी मला अनारसे, चांदीचा दिवा आणि पॅन्ट-शर्टाचं कापड मिळायचं ठरलेलं होतं. पण त्याचा बोटीशी काय संबंध?

ठरल्या दिवशी कंपनीची मुलगी ट्रेलरवर बोट घेऊन थेट धरणावर आली. तिचं नाव पल्लवी. डोक्याला टोपी, हातात टॅब, बोलणं एकदम गोड. बोट पाहायला अख्खं गाव जमलं होतं. निंबाखाली एकच प्लास्टिकची खुर्ची होती आणि तिच्यावर मामाजी बसले होते. त्याआधी त्यांनी बोटीला एक फेरी मारली होती, तिच्या कुशीवर थाप मारली होती, मागून वाकून पाहिलं होतं आणि "चालवून दाखव" म्हणून सांगितलं होतं. राजू आणि मंदा बाजूला उभे होते.

इतक्यात काळा चष्मा लावून मी गाडीतून उतरलो.

मला पाहताच मामाजी सवयीनं खुर्चीतून उठायला लागले. (सव्वीस वर्षांत मी उभा आणि ते बसलेले, असं एकदाही घडलं नव्हतं.) अर्ध्यावर आल्यावर त्यांना नाटक आठवलं. बिचारे तिथेच वाकून थांबले आणि गुडघा चोळायला लागले.

"काका, गुडघा दुखतो का?" पल्लवीनं विचारलं.

"हाव, वात हाये," असं म्हणून मामाजी परत बसले. पण बसताना त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू देवाकडे पाय केले!

मी बोटीकडे वळलो. "ही बोट निळी का?"

"सर, पाण्याच्या रंगाला मॅच होते."

"इथलं पाणी मातकट आहे."

गर्दीतून "बराबर!" असा आवाज आला. मला चेव चढला. "आणि मागे हा फुगवटा कसला?"

"त्यानंच तर लाट तयार होते, सर."

"लाट मागितली कुणी? लोक इथे शांततेसाठी येतात!" मी बोटीवर टिचकी मारली. "पत्रा पातळ आहे."

"सर, तो पत्रा नाही, फायबर आहे."

"तेच म्हणतो मी! पत्रासुद्धा नाही! बारा लाख. एक रुपया वर नाही."

पल्लवीचा चेहरा पडला. तिनं टॅब काढला, कुणाला तरी फोन लावला, बाजूला जाऊन बोलली आणि येऊन हळूच म्हणाली, "सर, एकोणीसपर्यंत करता येईल." तीन लाख उतरले! राजूची एक खोली झाली होती. मामाजींच्या डोळ्यांत जुना बैलबाजार चमकला. ठरल्याप्रमाणे मी आता निघून जायला हवं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या बोलण्यानं काहीतरी स्वस्त झालं होतं. तो आनंद सोडवेना. म्हटलं, अजून दोन खोडी काढू आणि मग जाऊ.

तेवढ्यात डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन शांताकाकू आल्या. शांताकाकू म्हणजे मामाजींच्या शेजारीण, वयानं मोठ्या, आणि गावात मामाजींना रागावणारं एकमेव माणूस. त्यांनी मला पाहिलं, मामाजींना पाहिलं आणि मोळी खाली टाकली.

"भाऊराव! धोंड्याच्या महिन्यात जवायाले उन्हात उभं ठेवून तू खुर्चीत बसून राह्यला? लाज नाई वाटत तुले?"

आमचं नाटक गावाला माहीत नव्हतं, पण जवाई तर सगळ्या गावाला माहीत होता! मी कोण आहे हे सगळेच ओळखून होते. आपला जवाई अनोळख्यासारखा का वागतोय, एवढंच त्यांना कळत नव्हतं. मामाजींनी एकदा पल्लवीकडे पाहिलं, एकदा शांताकाकूंकडे. एका बाजूला सहा लाख, दुसऱ्या बाजूला सव्वीस वर्षांचा मान. मान जिंकला. मामाजी उठले, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं खुर्ची झटकली आणि हात जोडून म्हणाले, "बसा, जवाईबापू."

मी बसलो. दुसरं काय करणार?

पल्लवीनं टॅब बंद केला. मुलगी यवतमाळची निघाली, म्हणजे आमच्याच मुलखातली. तिला क्षणात सगळं समजलं, आणि जे समजलं त्याहून फार चांगलं तिला सुचलं.

"अगंबाई! म्हणजे ही बोट धोंड्याचं वाण आहे का? जवाईबापूंसाठी?"

भर गावासमोर, खुर्चीत बसवलेल्या जवायाच्या तोंडावर, "नाही, ही त्याच्यासाठी नाही" असं कोणता सासरा म्हणेल?

"मले तं सांगतलंच नाई कोनी!" शांताकाकूंनी गालावर बोटं ठेवली. "धोंड्यात बोट! अन् भाव करून राह्यले? जवायाच्या वाणात कोनी भाव करते का, बाप्पा!"

"नाही ना करत," पल्लवी अत्यंत नम्रपणे म्हणाली. "मग काका, बावीसच लिहू?"

एकोणीसचे बावीस झाले! आता मीच काहीतरी करायला हवं होतं. मी खुर्चीतून ओरडलो, "मला नको! मला बोट नको!"

गर्दीत कुजबुज सुरू झाली. "जवाई रुसले." "वाण कमी वाटलं वाटते." "मोठे लोकं हाये, भाऊ."

मामाजी चटकन पुढे आले. "नाराज नोका होऊ, जवाईबापू. बाई, यासंगं आनखी काय येते?"

"लाइफ जॅकेट, काका. दहा. वेगळे पडतात."

"टाक."

"अहो मामाजी, मला खरंच नको!"

"अन् हे गाडं?"

"ट्रेलर? तो पण वेगळा पडतो."

"तो पन टाक."

मी मदतीसाठी मंदाकडे पाहिलं. ती जोरजोरात मान हलवत होती. 'गप्प बसा' असं तिला सांगायचं होतं, हे मला घरी आल्यावर कळलं. तेव्हा मला वाटलं, ती म्हणतेय, आणखी जोरात नकार द्या! म्हणून मी उभाच राहिलो आणि हात जोडले. "मला पोहता येत नाही हो! मी या बोटीत पाऊलही ठेवणार नाही!"

"अरे देवा, लयच रुसले!" शांताकाकू म्हणाल्या.

त्या एका नकारात गाण्याचे स्पीकर, जादा फळी आणि बोटीवर घालायचं ताडपत्रीसारखं झाकण आलं. मी पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात राजूनं मागून येऊन माझ्या तोंडावर हात ठेवला. "भाऊजी, तुमचे पाय धरतो. आता नाई म्हनू नोका. माह्या खोल्या तं गेल्याच, आता शेत जाईन!"

बावीसची बोट साडेचोवीसला पडली. बैलबाजार गाजवलेल्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा सांगितल्यापेक्षा जास्त किंमत दिली, तीही हसतमुखानं आणि वर जवायाला कुंकू लावून. बोटीलाही लावलं. पल्लवीनं आमचा फोटो काढला. फोटोत सगळे हसताहेत, फक्त राजू हसत नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं. एवढा हौशी पोरगा, आणि त्याच्या दोन खोल्या मी नुसत्या 'नाही' म्हणून पाडल्या.

बोट राजूकडेच चालते, आणि खरं सांगायचं तर बरी चालते. नागपूरचे लोक आता अंधार पडेपर्यंत हलत नाहीत. पण वस्तू जवायाची, म्हणून तिच्या कमाईतला रुपयाही घरात ठेवायला मामाजी तयार नाहीत. लेकीच्या घरचं ते पाणीसुद्धा बेतानं पितात! दर महिन्याला राजू पैशाचं पाकीट घेऊन आमच्याकडे येतो. पहिल्यांदा मी "नको रे, तुझ्या खोल्यांना ठेव" म्हणालो, तर दुसऱ्या दिवशी मामाजी तुरीच्या डाळीचं पोतं घेऊन दारात उभे. जवाई परत रुसला म्हणून! शेवटी मंदानं वाट काढली. पाकीट मी मुकाट्यानं घेतो, आणि ती ते भाऊबीज, राखी, वाढदिवस अशी काहीतरी निमित्तं शोधून राजूच्या बायकोच्या हातात परत देते. एका खोलीच्या भिंती उभ्या झाल्या आहेत. वेळ लागतोय, पण होतंय.

मी मात्र त्या दिवसापासून 'नाही' म्हणणं सोडलं. कुणी काहीही विचारलं, तर आधी हो म्हणतो.

गेल्या आठवड्यात पल्लवीचा फोन आला.

"सर, ओळखलंत का? भंडाऱ्याला एक गिऱ्हाईक आहे. भाव कमी करा म्हणून अडून बसलंय, अजिबात ऐकत नाही."

"बरं मग?"

"तुम्ही येऊन नुसते पाच मिनिटं बोलाल का त्यांच्याशी? कंपनी मानधनाचं बघेल, पण नाही जमलं तर तसंच याल ना?"

"येतो की," मी म्हणालो.

मंदानं फोन माझ्या हातातून हिसकावून घेतला. "अहो, आधी किती देतात ते तरी विचारा!"

पण तोवर मी फुकट कबूल होऊन बसलो होतो.