परत एकदा, काकू

घरी येऊन कॅमेरा पुसायला घेतला की कुठेतरी एखादी अक्षता सापडतेच. आजही सापडली. मी लग्नाला होतो, याचा तेवढाच पुरावा. अंतरपाट खाली येतो तो क्षण गेली कित्येक वर्षं मी कॅमेऱ्याच्या बारीक खिडकीतूनच बघतोय, आणि हल्ली तीही पाहुण्यांच्या उंचावलेल्या मोबाइलांनी भरून जाते. मंगलाष्टकं कानावर पडतात, पण मी उजेड पुरेल का एवढंच बघत असतो. पूर्वी चिडायचो. आता काहीच वाटत नाही.

आज पाठवणीच्या वेळी नवरीच्या आईने तिला मिठीत घेतलं आणि नेमका कुणाचा तरी मोबाइल मधे आला. मी सवयीने म्हणालो, "काकू, परत एकदा."

दिवसभर मी हेच म्हणत असतो. हार परत एकदा, घास परत एकदा. लोकही निमूट ऐकतात. झालेली गोष्ट पुन्हा करता येते, असं लग्नाच्या दिवशी सगळ्यांनाच वाटत असावं.

काकूंनी डोळे पुसले, पदर सारखा केला आणि मुलीला पुन्हा जवळ घेतलं. फोटो छान आला.

"झालं काकू, सोडा आता."

त्यांनी सोडलं नाही. मुलीच्या खांद्यावर डोकं तसंच ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुझं झालं असेल रे."

मी मान खाली घालून फोकस तपासला. अगदी बरोबर होता.