दोन सीटची लाल गाडी

आटपाडीत स्पोर्ट्स कार आणणारा पहिला माणूस मीच, आणि आजतागायत शेवटचाही मीच.

तेव्हा मी तिशीच्या आत होतो. कोइमतूरला सोनं गाळायचं माझं दुकान जोरात चाललं होतं आणि डोकं अजिबात चालत नव्हतं. लाल रंग, दोन सीटा, उघडा टप, उंची गुडघ्याएवढी (बरं, मांडीएवढी). गाडी गावात आली तेव्हा शेळ्यामेंढ्यांचा बाजार अर्धा रिकामा झाला! मी दार न उघडता वरूनच उडी मारून आत बसायचो. फक्त आमचे वडील तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "वरचा भाग मागनं येणार हाय का?"

पुढं दुकान विकून मी गावी परतलो आणि गाडीची अब्रू उताराला लागली. खड्ड्यांनी तिचं पोट सोललं. जीपवाले वरून डोकावून विचारायचे, "काय शेठ, बसलाय का पडलाय?" लोकांनी तिचं नाव 'बेडकी' ठेवलं. माझी मुलगी प्रणाली शाळेला निघाली की म्हणायची, "पप्पा, मला वळणावरच सोडा. पोरी हसत्यात." शेवटी गाडी घरामागं उघड्यावर गेली, आणि बायको, शालन, तिच्या बॉनेटवर सांडगे वाळवू लागली. (सांगायला लाज वाटते, पण सांडगे झकास वाळायचे.)

यंदा प्रणालीचं लग्न सांगलीच्या मुलाशी ठरलं. जावईबापू घर बघायला आले ते घर सोडून गाडीच बघत बसले.

"मामा, ही तर आयकॉनिक गाडी! लोक हिच्यासाठी वेडे झालेत!"

लगेच प्रणाली म्हणाली, "पप्पा, मी मांडवात हिच्यातनंच येणार. आणि तुमीच चालवायची."

"अगं, पोरी हसतील की."

"आता न्हाई हसत. आता व्हिडिओ काढत्यात."

मी हो म्हणालो. साठी आली की माणूस वाद घालायला दमतो.

रफीकभाई मिस्त्रींनी महिनाभर खपून गाडी उठवली. लग्नाच्या दिवशी ती टेम्पोत घालून सांगलीला नेली आणि हॉलच्या थोडं अलीकडं उतरवली. मी दार उघडून आत बसलो. बसलो कसला, देवाचं नाव घेऊन अंग सोडून दिलं! सीटला टेकताच कमरेत 'कट्ट' झालं.

"शॉकअप वाजला वाटतं," रफीकभाई म्हणाले.

शेजारी नटूनथटून बसलेली लेक हसत होती. अशा वेळी कोण तोंड उघडतं?

निघालो. पुढं बँड, चहूकडं मोबाइल. हॉलच्या फाटकात स्पीड ब्रेकर! पुढची चाकं पलीकडं गेली, पोट टेकलं आणि गाडी जागच्या जागी डुलू लागली. जावयाच्या मित्रांनी मग बापलेकीसकट गाडी उचलली (फायबरची, हलकी, मी नव्हे) आणि थेट स्टेजपुढं आणून ठेवली. टाळ्या पडल्या! प्रणाली शालू सावरत टुणकन उतरली. मी तिथंच.

"आवं, उतरा की आता," शालन म्हणाली.

"उसण भरलीया."

"कशात?"

"कमरंत! गाडीत कशी भरंल?"

रफीकभाईंनी काखेत हात घातले, शालननं पाय धरले (संसारात पहिल्यांदाच), व्याह्यांनी कमरेचा पट्टा धरला. मी वीतभर वर आलो, बोंबललो, आणि होतो तिथंच परत गेलो.

"मुहूर्त जवळ आलाय!" स्टेजवरून भटजी ओरडले. "वधूपिता कुठायत?"

"खाली हायत," रफीकभाई म्हणाले.

प्रणाली गाडीजवळ वाकली. तिचं हसू गेलं होतं. "लय दुखतंय का, पप्पा? मीच हट्ट केला. मामा-मामींना बसवू का कन्यादानाला?"

सव्वीस वर्षं वाढवलेली पोर कमरेपायी दुसऱ्याच्या हातानं द्यायची? "न्हाई," मी एवढंच म्हणालो.

ती भटजींकडं वळली. "गुरुजी, तुमीच खाली या."

आले बिचारे! शालन माझ्या शेजारच्या सीटवर बसली. गाडी दोघांचीच होती हे त्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटलं. दारावरून हात बाहेर काढून आम्ही कन्यादान केलं. लेकीचा हात सोडताना मी रडलो, आणि सगळ्यांना वाटलं कमरच दुखतेय. निम्म्या अक्षता गाडीतच पडल्या.

लग्न लागलं. वऱ्हाडाची रांग जेवणाऐवजी गाडीपुढं लागली. जावयाची एक मावशी मोबाइल रोखून बराच वेळ इकडून तिकडून बघत होती. शेवटी वैतागून म्हणाली,

"आवं दादा, जरा बाहेर येता का? गाडीचा फोटो घ्यायचाय, तुमी मधी येताय!"

"मावशी," मी म्हणालो, "तासभर अख्खं वऱ्हाड त्याच खटपटीत हाय."