कापसाचा पाठ

सन पंचावन्नच्या सुमारास मी वर्ध्याला मास्तरकी शिकत होतो. आंजीच्या शाळेत माझा परीक्षेचा पाठ होता, विषय कापूस. टाचण तोंडपाठ करून मी शेतकऱ्यांच्याच पोरांना बोंड कसं फुटतं ते ऐटीत समजावत होतो. पोरं जांभया देत होती. वेचणीला निघालेली एक म्हातारी कमरेला फडकं बांधून खिडकीशी थबकली.

"मास्तर, तुमी कधी वेचला काय कापूस?"

"नाही," मी पुटपुटलो.

"मंग पोट्ट्यायलेच इचारा ना! त्यायची बोटं त पाहा."

मी विचारलं. सगळा वर्ग एकदम बोलू लागला, बोंडांनी ओरखडलेली बोटं माझ्यापुढे नाचू लागली.

मागच्या बाकावर बसलेल्या परीक्षकांनी शेरा लिहिला, 'प्रश्न विचारण्याची हातोटी उत्तम.' मी विनयाने मान खाली घातली. खिडकीकडे बघायची मात्र हिंमत झाली नाही.