एस्तेरमावशीपुढं कोण बोलणार!

आमच्या चर्चमधलं प्रवचन बाहेर चहा होईपर्यंतही डोक्यात टिकत नाही. पण एस्तेरमावशीचे किस्से? ते दर रविवारी वाढतच जातात! मावशी जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कप हातात आला की कुणीतरी म्हणतंच, "मावशी असती ना..." आणि मग घरची जेवणं थंड होतात.

आमची लातूरची प्रेस्बिटेरियन मंडळी म्हणजे मूठभर घरं. मावशी जन्मभर किनवटकडं एका होस्टेलात मेट्रन होती. रिटायर होऊन इकडं सासरगावी आली. पांढरं पातळ, जाड भिंगांचा चष्मा, काखेत बायबल. पहाटेची प्रार्थना इतकी खणखणीत की शेजारचे किराणावाले अप्पा, पक्के शिवभक्त, वैतागून म्हणाले, "मावशी, तुमचा देव बहिरा हाय का?"

"देव न्हाई, अप्पा. तुम्ही झोपून राहताव म्हणून!"

*

चर्चच्या कारभाऱ्यांना आमच्यात 'वडील' म्हणतात. तोवर सगळे पुरुषच. मावशीचं नाव पुढं आलं तसे एक म्हातारे गृहस्थ भडकले, "बाईमाणूस वडील कसं होईल?"

मावशीनं दोन पोरी एकटीनं वाढवलेल्या. ती म्हणाली, "मालक गेल्यापासून घरात आई बी मीच अन् वडील बी मीच. इथं निस्तं नाव लावायचं राहिलंय!"

झाली वडील!

*

रविवार ती फार कडक पाळायची. भाजीसुद्धा शनिवारीच चिरून ठेवायची. दुष्काळाच्या साली एका रविवारी ऐन उपासनेत टँकरचा हॉर्न वाजला. बायकांची चुळबुळ सुरू झाली. पाद्रीसाहेबांनी आवाज चढवला, "प्रभूच्या दिवशी मन इकडंतिकडं नको!"

मावशी उभी राहिली. आम्हाला वाटलं, आता बायकांची खरडपट्टी!

"पाद्रीसाहेब, देव कुठं जात न्हाई. टँकर जाईल!"

चर्च रिकामं! घागरी भरल्यावर मात्र तिनं एकूण एक माणूस परत आणून बसवला आणि प्रवचन पहिल्यापासून करायला लावलं.

*

त्याच उन्हाळ्यात चर्चच्या विहिरीला थोडं पाणी टिकून होतं. सगळी गल्ली यायला लागली, तसा आमच्या वडीलमंडळींनी ठराव केला, फाटकाला कुलूप. "आधी आपल्या माणसांचं बघू." विरोधात मावशी एकटीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर कुलूप फुटलेलं, फाटक सताड उघडं आणि विहिरीशेजारी खुर्ची टाकून मावशी बसलेली. मांडीवर हातोडी! समोर गल्लीची रांग.

सेक्रेटरी ओरडले, "मावशी, हे ठरावाच्या विरुद्ध आहे!"

"हाव. त्या ठरावाला म्हणावं, एक पाऊस पाडून दाखव!"

कुलूप पुन्हा लागलं नाही. दुपारी अप्पांनी दुकानातून नवा दोर आणून दिला.

*

पुढं तिच्या छातीत दुखायला लागलं, म्हणून नांदेडला दवाखान्यात नेलं. आम्ही खाटेभोवती रडवेले. तरुण पाद्रींनी हलक्या आवाजात सुरुवात केली, "हे प्रभू, तुझ्या दासीला आता आपल्या घरी ने..."

मावशीनं डोळे उघडले. "कामून घाई करून राहिलाव? त्यानं बोलावलं की मी जाईन. तुम्ही नका शिफारस करू!"

आपल्या पायांनी घरी परतली! गेली ती कैक वर्षांनी, आपल्या खाटेवर, स्तोत्र म्हणता म्हणता.

*

पण सगळ्यात भारी किस्सा कब्रस्तानाचा.

लातूर नुकताच जिल्हा झालेला. रोज नवं ऑफिस, रोज नवी मोजणी. एके दिवशी कळलं, कब्रस्तानात खुंट्या ठोकल्यात, अर्धी जागा कुठल्याशा क्वार्टर्सला जाणार. पुरुष मंडळी अर्ज कसा लिहावा यावर वाद घालत बसली. मावशी छत्री उघडून थेट तिकडं निघाली. एक खुंटी नेमकी तिच्या मालकांच्या उशाशी ठोकलेली. तिथंच बसली, भर उन्हात. आम्ही धावत मागं.

दुपारी जीपमधून साहेब उतरले. माणूस वाईट नव्हता. समजुतीनं म्हणाले, "मावशी, जिल्हा वाढतोय. इथं जिवंत माणसांना जागा पुरेना. मेलेल्यांना एवढी कशाला लागते?"

मावशी छत्री टेकत उठली.

"साहेब, हे निजलेत. प्रभू येईल त्या दिवशी समदे उठणार हायत. मंग एवढ्या लोकांनी उभं राहायचं कुठं? तुमच्या क्वार्टरमधी?"

साहेबांनी तिच्याकडं पाहिलं. मग ओळीनं निजलेल्या कबरींकडं पाहिलं. शेवटी शिपायाकडं वळले.

"काढ रे खुंट्या. आधी ती उशाजवळची. जरा हळू!"