फळ्यावरची वरची ओळ

नाशिकच्या एका मराठी दैनिकात मी शहराचं पान लावते, त्याला वीसेक वर्षं झाली. बातम्या नीट करायच्या, मथळे द्यायचे, फोटो कापून कॉलमात बसवायचे. फोटो कापावा तर ताईंनीच, असं ऑफिसात म्हणतात, आणि मीही इतकी वर्षं खोटं खोटं लाजत ते ऐकून घेतलं. आता कुणी म्हटलं की तोंड कडू होतं.

तो शुक्रवार होता. शिक्षणाच्या बातम्या करणारा आमचा बातमीदार संध्याकाळी पाचच्या सुमाराला मोबाईल नाचवत माझ्या टेबलाशी आला. “ताई, हे बघा. गंगापूर रोडच्या शाळेत काय शिकवतायत!” कुणा पालकाने त्याला नववीच्या वर्गातल्या फळ्याचा फोटो पाठवला होता. सुवाच्य अक्षरात एकाखाली एक वाक्यं. ‘त्याने देशाला शिस्त लावली.’ ‘आपल्याकडेही असाच माणूस हवा.’ ‘ज्यूंनी देश लुटला होता म्हणून त्याला तसं करावं लागलं.’ ‘एवढी माणसं मारलीच नाहीत, ते सगळं नंतर रचलेलं आहे.’

तो म्हणजे जर्मनीचा तो हुकूमशहा. लाखो ज्यूंना, बायकापोरांसकट, ठरवून, याद्या करून ज्याने मारलं, तो. त्याचं कौतुक मी लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, रिक्षात ऐकलंय, सख्ख्या मेव्हण्याच्या तोंडून ऐकलंय, आणि दर वेळी भांडलेय. पण एका शिक्षिकेने ते फळ्यावर लिहावं? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘नववीच्या वर्गात हुकूमशहाचे गोडवे’ असा मथळा मीच दिला, आणि देताना छान वाटलं, हे कबूल करते.

फोटो उभा होता, जागा होती दोन कॉलम आडवी. मी वरची पट्टी कापली. वाचली का? नाही. मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही विचारा, फळ्याच्या वरच्या ओळीत काय असतं? सुविचार. मी स्वतः दोन वर्षं रोज सकाळी बाकावर चढून तो लिहीत होते, आणि शेजारच्या कोपऱ्यात पट किती, हजर किती. ती ओळ कुणी वाचत नाही. बाई वाचत नाहीत, मुलं वाचत नाहीत, लिहिणारीसुद्धा वहीत बघून उतरवते. माझा हात सवयीने चालला.

शनिवारी बातमी छापून आली. शिक्षिकेचं नाव आम्ही दिलं नव्हतं, पण शाळेचं दिलं होतं, इयत्ता दिली होती. मग नाव कशाला हवं? दुपारपर्यंत आमचं कात्रण शहरभर फिरत होतं.

सोमवारी ऑफिसात फोन वाजला, तो मी उचलला. पलीकडे एक बाई होती, आवाज हळू आणि फार सांभाळून वापरलेला. “मॅडम, तो फळा माझा आहे. वरची ओळ कुठे गेली?”

“कसली ओळ?” मी म्हटलं. पान अर्धवट होतं आणि आवाज माझाच चढलेला होता. “तुम्ही काय लिहिलंय ते सगळ्या गावाने वाचलंय.”

तेव्हा तिचा तो सांभाळलेला आवाज सुटला. ती वणीकडची. “मी काय येडी हाय का मॅडम, असलं पोरांना शिकवायला? तुमच्याकडं मूळ फोटो आसंल. एकदा बघा तरी! गुरुवारी संस्थेची मीटिंग हाय. माझी तीन वर्षं या महिन्यात भरत्यात. कायम करायच्या ऐवजी घरी बसवतील मला.”

बघते, असं म्हणून मी फोन ठेवला. बघणार नव्हते. पण ‘एकदा बघा तरी’ डोक्यातून जाईना. चहा घेऊन आले, मूळ फोटो उघडला. वरच्या ओळीत, सुविचाराच्या जागी, त्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: ‘घरी, बाहेर, मोबाईलवर ऐकलेलं. खरं की खोटं? उद्या तपासू.’

चहा तसाच निवला. 

मग जे शुक्रवारी करायला हवं होतं ते मंगळवारी केलं. त्या वर्गातल्या एका मुलीच्या आईची ओळख निघाली, कॉलेज रोडला त्यांच्या घरी गेले. मुलीने कपाळाला आठ्या घालून इतिहासाची वही पुढे टाकली. डाव्या पानावर ऐकलेलं, उजव्या पानावर तपासलेलं, आणि प्रत्येक ओळीखाली कुठून तपासलं ते. ‘ते सगळं रचलेलं आहे’ याच्यासमोर तिने लिहिलं होतं: ‘मारणाऱ्यांनीच याद्या ठेवल्या होत्या. वाचलेल्यांनी कोर्टात सांगितलं. फोटो आहेत.’ ‘शिस्त लावली’ याच्यासमोर: ‘शिस्तीत रांगेत उभं करून ज्यांना मारलं त्यात आमच्यापेक्षा लहान मुलं होती.’ त्या ओळीपाशी मी थांबले. अशी ओळ मला वीस वर्षांत एकदाही लिहिता आली नाही.

“हे ऐकलेलं कुणाचं गं?” मी विचारलं.

“शिस्तीचं माझ्या बाबांचं,” ती म्हणाली. “मी घरी येऊन त्यांना वही दाखवली. त्यांनी ती वाचली आणि परत दिली, बाईंनाही जाऊन काही बोलले नाहीत. फोटो दुसऱ्या कुणीतरी काढला. पहिल्या दिवशीचा. दुसऱ्या दिवशी फळा भरला होता, तेव्हा का नाही काढला?”

बुधवारी सकाळीच संपादकांच्या केबिनमध्ये गेले. साहेब तसे भले माणूस. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आतल्या पानावर चार ओळींचा खुलासा टाका. ‘सदर शिक्षिकेचे म्हणणे असे की…’ एवढं लिहा, झालं.” आमच्याकडे ही रीतच आहे. चूक आमची असली तरी खुलासा त्यांचा.

“तिचं म्हणणं नाही साहेब, ते फळ्यावर लिहिलेलं आहे. मी कापलंय.”

“तुम्ही कापलंत हे लोकांना सांगायची काय गरज आहे?”

आता खरं सांगते. त्या क्षणी माझ्या जिभेवर आलं होतं की फोटो बातमीदाराकडूनच तसा आला. कुणाला कळणार होतं? तो बिचारा कोपऱ्यात खाली मान घालून टायपत होता. पण डोळ्यापुढे त्या मुलीच्या आठ्या आल्या, आणि मी चिडले, बहुतेक स्वतःवरच, पण ओरडले साहेबांवर. “उद्या सकाळी दहाला तिची मीटिंग आहे! आतलं पान संस्थेतलं कोण वाचणार आहे? ज्या जागी तिची अब्रू घालवली त्याच जागी द्या, नाहीतर मी संस्थेच्या दारात उभी राहून मूळ फोटो वाटते!”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “वाटाल तुम्ही,” ते म्हणाले. “द्या.”

गुरुवारी त्याच पानावर, त्याच जागी, पूर्ण फोटो गेला. वरची ओळ आम्ही न वाचता कापली, बातमी चुकीची होती, शिक्षिकेशी बोलायची तसदीही आम्ही घेतली नाही, असं स्पष्ट लिहिलं. बाराच्या सुमाराला तिचा फोन आला. “ठेवलं मॅडम. कायम केलं.” मी खुर्चीत बसले आणि रडले. लाज आणि सुटका दोन्ही एकदम आल्या.

“पण एक काम करा,” ती म्हणाली. “वर्गावर या. पोरांना वाटतं, पेपरात आलं म्हणजे खरंच असणार.”

गेले. फळ्यावर तीच वरची ओळ होती आणि खाली एकच वाक्य: ‘आपल्या बाई हुकूमशहाचं कौतुक करतात.’ बाईंनी खडू माझ्या हातात दिला. त्या दिसायला अगदी लहानखुऱ्या, माझ्या खांद्याला लागतील एवढ्या. मी सगळं सांगितलं, सुविचाराचंसुद्धा, तेव्हा मुलं हसली. ती आठ्यावाली मुलगी मात्र हसली नाही.

“तुम्ही छापायच्या आधी बाईंना फोन केला होता?”

“नाही.”

“का?”

वेळ नव्हता, असं म्हणणार होते. पण फोनला दोन मिनिटं लागतात, हे त्या वर्गातल्या चाळीस जणांना माहीत होतं. “मला राग आला होता,” मी म्हटलं, “आणि राग आला की मला वाटतं, मला सगळं माहीत आहे.” मग त्या वाक्याखाली ‘खोटं’ लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

हे झालं गेल्या वर्षी. इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. मेव्हण्याने परवा मला एक कात्रण पाठवलं: ‘बघा तुमच्या नाशिकच्या शाळा.’ माझंच, दोन कॉलमी, डोकं उडवलेलं. दुरुस्ती कुणी पुढे पाठवत नाही. मी त्याला पूर्ण फोटो पाठवला, त्याने उत्तरात नुसता अंगठा पाठवला, आणि मला राहवेना म्हणून बाईंना फोन लावला.

“फिरतंय अजून,” त्या म्हणाल्या. “यंदाच्या पालकसभेत दोघांनी मोबाईल काढून दाखवलं. मुख्याध्यापक चांगले आहेत, माझ्या बाजूने बोलले. नंतर केबिनमध्ये बोलावून म्हणाले, बाई, कशाला परत ताप?”

“मग तो धडा?”

“वाचून दाखवला. एका तासात संपला.”

“मुलांनी काही विचारलं नाही?”

“विचारायला जागाच ठेवली नाही, मॅडम.”

मग मीच, वेड्यासारखं, विचारलं, “आणि फळ्यावर? वरच्या ओळीत?”

“सुविचार,” त्या म्हणाल्या. “बाकीच्या वर्गांसारखा.”