मिससाहेबांचा 'हो'

मी खिडकीच्या चौकटीला हात लावला होता. मालकिणीनं तांब्या आणला आणि माझ्यासमोर ती चौकट धुतली. पाणी माझ्या ओढणीवर उडालं.

आत दिवाणावर मिससाहेब बसल्या होत्या. हातात कपबशी. त्यांनी इंग्रजीत विचारलं, "ती काय करतेय?"

मी म्हटलं, "धूळ फार आहे ना."

मी त्यांची दुभाषी. मिससाहेब आत, दुभाषी बाहेर. "तिला तिथनंच बोलू द्या. आवाज येतोय की," असं घरमालक तात्या पहिल्याच दिवशी म्हणाले होते. तेव्हापासून मी उन्हात उभी राहून गजांतून एकाचं दुसऱ्याला सांगायचे. घसा सुकायचा. पाणी कुणी विचारत नसे.

ही नव्वदनंतरची गोष्ट, श्रीगोंद्याकडची. मिससाहेब अमेरिकेहून आलेल्या, मिशनच्या कामाला. माझ्याहून थोड्याच मोठ्या. मी बारावी झालेली. मिशनच्या बोर्डिंगात वाढले म्हणून इंग्रजी यायचं. माझ्या आज्यानं बाप्तिस्मा घेतला होता. गावाला त्याचं काही नव्हतं. गावासाठी आम्ही होतो तेच होतो.

त्यांचा आठवडा ठरलेला. सोमवारी दवाखाना. मंगळवारी आमच्या वस्तीत इंग्रजीचा वर्ग. बुधवारी ऊसतोडीवाल्यांच्या कोप्यांवर, त्यांच्या पाचटाच्या झोपड्यांवर जाऊन पोरांची नखं कापायची, गाणी शिकवायची. गुरुवारी तात्यांच्या नातवंडांना शिकवायचं. रविवारी चर्च. सगळीकडं सोबत मी. बाई मनानं वाईट नव्हती. खरूज झालेलं पोर मांडीवर घ्यायची. म्हणून तर मला जास्त राग येतो.

त्या गुरुवारी तात्या म्हणाले, "बाईसाहेब, वस्तीतला वर्ग आमच्या नव्या हॉलात घ्या. फळा हाय, पंखे हायेत. आमची पोरं आत बसतील. ह्यांची वसरीवर बसू द्या. ऐकू तर येतंय सगळं." मग माझ्याकडं बघून, "सांग नीट."

ह्यांची म्हणजे आमची. माझी धाकटी बहीण होती त्यांत.

एरवी मी नीटच सांगायचे. खडे वेचून. त्या दिवशी शब्दाला शब्द सांगितला. वर हेही सांगितलं, की मघाशी खिडकी धुळीसाठी धुतली नाही. माझ्या हातासाठी धुतली.

मिससाहेब लालबुंद झाल्या. बशीकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "निदान सुरुवात तरी होईल. प्रेमानं हळूहळू बदलतील ते. त्यांना होकार सांग."

"मी नाही सांगणार."

"प्लीज."

"माझ्या तोंडून ते येणार नाही."

त्यांना मराठी जेमतेम यायचं. सलाम. पाणी. बस. हो. त्यांनी मान वर केली आणि तात्यांना स्वतःच म्हणाल्या, "हो."

तात्या हसले. मला म्हणाले, "बघ. तुझ्यावाचून काय अडत न्हाई."

मी निघाले. उसाच्या बांधानं तडक घरी. आई बाजरी निवडत होती.

"लवकर आलीस?"

"काम सोडलं." आणि सगळं सांगितलं.

आई रडली नाही. सूप खाली ठेवलं आणि घरोघर सांगत गेली. संध्याकाळी बाया आमच्या दारात जमल्या. शेजारची मावशी म्हणाली, "भाईर बसून शिकायचं आसंल तर न्हाई शिकायचं आमच्या पोरांनी."

मी म्हटलं, "शिकायचं, मावशी. हितंच. मी शिकवते."

मंगळवारी वस्तीतलं एकही पोर हॉलात गेलं नाही. चर्चच्या मागं सावलीत मी वर्ग भरवला. आमच्या चर्चचे पाळक येऊन म्हणाले, "मिशनला हे बरं दिसणार नाही."

"नको दिसू दे," मी म्हटलं.

मायदेशी परतण्याआधी मिससाहेब निरोप घ्यायला आल्या. माझा हात धरला. "मला क्षमा केलीस ना?"

"तात्यांकडं चला. तुमचा होकार त्यांच्यासमोर परत घ्या. मी येते सोबत."

रस्त्यावर जीप उभी होती. त्यांनी जीपकडं पाहिलं. माझा हात सोडला. गेल्या.

रविवारी सगळी मंडळी उभी राहून प्रभूची प्रार्थना म्हणते. त्यात आपण इतरांना क्षमा केल्याची ओळ येते. त्या ओळीला मी तोंड मिटून घेते. शेजारची बाई कोपर मारते. मारू दे. त्या दिवशी आमच्यावर अन्याय झाला, असं ना तात्यांनी कबूल केलं, ना मिशननं. ते कबूल करत नाहीत तोवर ती ओळ मी म्हणणार नाही. देव समोर येऊन उभा राहिला तरी नाही.